लोकनियुक्त सत्ता आणि तिच्यावरील दोन दाब

लोकनियुक्त शासनावर मतदारांखेरीज आणखी कोणाचा प्रभाव असावा की नसावा, याचा विचार करताना लष्कर आणि प्रसारमाध्यमे यांना पुष्कळदा एकाच मापाने मोजले जाते. वस्तुतः लष्कर हे शासनाच्या हुकमतीखालचे अंग आहे, तर वृत्तपत्र हे शासनाच्या बाहेर राहून त्याला जाब विचारणारे. म्हणून पहिल्याने सल्ला देऊन थांबावे आणि दुसऱ्याने उघडपणे विचारावे, ही त्यांची उचित मर्यादा होय. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांनी या मर्यादांचे पालन आणि उल्लंघन दोन्ही पाहिले आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. या कारवाईला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी तिच्यामागून आलेली राजवट लष्करीच होती. मेजर जनरल जे. एन. चौधरी हे लष्करी राज्यपाल, म्हणजे मुलकी कारभाराचेही सर्वाधिकार हाती असलेले सेनाधिकारी झाले, आणि नांदेड जिल्ह्याप्रमाणेच तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूरही त्यांच्या अमलाखाली आले. या राजवटीने ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द करणारा विनियम काढला. वतनदारांचा शब्द चालणाऱ्या एखाद्या विधिमंडळात जे काम वर्षानुवर्षे रेंगाळले असते, ते एका आज्ञेने झाले. लष्करी सत्तेचा मोह पडतो तो अशाच कामांमुळे.

त्या मोहाची दुसरी बाजू सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. रझाकारांच्या, म्हणजे निजामनिष्ठ सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांपाठोपाठ मुस्लिम वस्त्यांवर सुडाचे जे हल्ले झाले, त्यांची पाहणी करण्यासाठी केंद्र शासनाने ही समिती पाठवली होती, आणि तिने सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड यांची नावे घेतली. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. तो दडवणारे दिल्लीचे शासन मुलकी होते हे खरे; परंतु तो मागू शकेल असे निर्वाचित सभागृहच हैदराबादेत त्या वेळी अस्तित्वात नव्हते. जिला प्रश्न विचारण्याची सोय नाही, त्या सत्तेचे उपकार आणि अपराध दोन्ही हिशेबाबाहेर राहतात.

ही राजवट लांबली नाही, हे मात्र भारतीय व्यवस्थेचे वैशिष्ट्य मानावे लागेल. १९५० च्या आरंभी एम. के. वेलोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुरगुल रामकृष्ण राव यांचे निर्वाचित मंत्रिमंडळ आले. एका संस्थानाचा सर्वाधिकार भोगलेले चौधरी पुढे लष्करप्रमुख झाले, ते यशवंतराव चव्हाण या निर्वाचित संरक्षणमंत्र्याच्या हाताखाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात जवान ढिगारे उपसत होते, तेव्हाही ते मुलकी प्रशासनाचे साहाय्यक म्हणूनच आले होते आणि काम संपताच परतले.

प्रसारमाध्यमांच्या बाबतीत न्यायनिवाडा इतका सोपा नाही. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख या लातूरच्या दोन नेत्यांना काही दिवसांच्या अंतराने पद सोडावे लागले, आणि त्यात दूरचित्रवाहिन्यांच्या टीकेचा वाटा मोठा होता. ती टीका काही वेळा उथळ असली, तरी कोण काय विचारतो आहे हे प्रेक्षकांसमोर उघड होते. याउलट २००९ च्या विधानसभा निवडणुकीत नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघाचे उमेदवार, तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारे मजकूर परस्परांच्या स्पर्धक वृत्तपत्रांत शब्दशः सारखे आढळले, आणि ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेली जाहिरात, हा वाद देशभर गाजला. चव्हाण यांनी आरोप नाकारला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबाची सत्यता तपासण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार मान्य केला, तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चव्हाण यांच्याविरुद्धचा आयोगाचा आदेश रद्द केला. एका उमेदवाराचा दोष सिद्ध झाला की नाही याहून मोठा प्रश्न असा, की बातमी आणि जाहिरात यांतील भेद वाचकाला कळेनासा झाला, तर त्याचे मत घडवणारा हात त्याला दिसणार कसा?

लष्कराला आवरण्याचे साधन राज्यघटनेने आणि हुकमाच्या उतरंडीने दिलेले आहे. वृत्तपत्राला आवरण्याचे काम तसे शासनाकडे सोपवता येत नाही, कारण मग ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती लगाम जाईल. निवडणूक आयोगाच्या जिल्हा समित्या आता पेड न्यूजचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरू शकतात. पण फसवणूक छापू न देण्याचा अधिकार संपादकाकडे, आणि ती विकत न घेण्याचा वाचकाकडेच राहतो. म्हणून लष्करापेक्षा माध्यमांच्या प्रभावाची जबाबदारी नागरिकावर अधिक येते, आणि लोकशाहीत ती दुसऱ्या कोणावर टाकण्याची सोयही नाही.