शुक्रवारची खादी, लोहाऱ्याची डेनिम

महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी परिपत्रक काढून सरकारी कर्मचाऱ्यांचा पेहराव ठरवून दिला. पुरुषांना शर्ट आणि पॅन्ट. स्त्रियांना साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, नाहीतर पॅन्टवर कुर्ता किंवा शर्ट. भडक रंग नकोत, चित्रविचित्र नक्षी नको, पायात स्लीपर नको. जीन्स आणि टी-शर्ट तर नकोतच. अयोग्य पेहरावाने शासनाची प्रतिमा मलिन होते, असा त्यामागचा विचार. मंत्रालयातून निघालेला हा कागद यवतमाळच्या कचेऱ्यांनाही लागू झाला, आणि तिथे त्याला भलताच रंग चढला. कारण याच शहराला लागून, लोहारा एमआयडीसीत, जीन्सचे कापड विणले जाते.

रेमंड म्हटले की मराठी घरात आठवते ते सूटिंग: लग्नाच्या आहेरातला पॅन्टपीस, टेलरकडे दिलेले माप, सुरीसारखी धारदार इस्त्री. त्याच कंपनीने १९९६ मध्ये कापसाच्या या जिल्ह्यात डेनिमचा कारखाना घातला. डेनिमचे उभे धागे निळीत बुडवून काढतात, आडवे पांढरेच ठेवतात. तिरप्या विणीमुळे निळा वर येतो, पांढरा आत राहतो. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून गुडघ्यावर, खिशाच्या कडेला, बसण्याच्या जागी तो हळूहळू विटत जातो आणि घालणाऱ्याच्या सवयी कापडावर उमटतात. सूटिंगची अब्रू घडी न मोडण्यात असते, डेनिमची विटण्यात. हे विटणेच कचेरीच्या नजरेला खुपते. वास्तविक १८७३ मध्ये अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांना तांब्याचे रिबीट मारण्याचे पेटंट घेतले, ते अंगमेहनतीच्या मजुरांच्या पॅन्टी फाटू नयेत म्हणून. म्हणजे कामाच्या जागी नको ठरले ते कामाचेच कपडे. फक्त ते काम खुर्चीतले नव्हते. परिपत्रकाच्या पुढच्याच वर्षी जीन्सवरची बंदी उठली. टी-शर्टवरची राहिली.

त्याच परिपत्रकात शुक्रवारी खादी वापरण्याची सूचना होती. जगभरच्या खासगी कंपन्यांत शुक्रवार हा सैल कपड्यांचा वार. हवाईतल्या कचेऱ्यांनी १९६० च्या दशकात त्या दिवशी फुलाफुलांचे शर्ट चालवून घेतले, तिथून ही रीत पसरली. महाराष्ट्राने त्याच वारी खादी नेमली. खादीचा प्रवास तर याहून वाकडा. इंग्रजी अमलात खादीची पांढरी टोपी सरकारी डोळ्यांना बंडाचे निशाण वाटे. स्वातंत्र्यानंतर तीच खादी सत्तेचा पोशाख झाली, आणि आता ती परिपत्रकातून सुचवावी लागते.

उन्हाळा मात्र कोणत्याच परिपत्रकाला जुमानत नाही. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांना भिडतो. वकिलांच्या बाबतीत बार कौन्सिलच्या नियमांनी एवढे शहाणपण दाखवले आहे: उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालये सोडून इतरत्र काळा कोट सक्तीचा नाही. शिक्षकांसाठी मार्च २०२४ मध्ये आदेश निघाला, त्यात पुरुषांनी शर्ट इन करावा असे आहे; पत्र्याच्या वर्गखोलीत एप्रिलमध्ये शिकवणाऱ्याला त्याची किंमत कळते.

कचेरीतून निवृत्त झालेला शर्ट पुढे कुठे जातो, हेही पाहण्यासारखे आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला निघालेल्या बायका साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवतात, कारण बोंडांच्या टोकदार कवचांनी हात ओरबाडतात. कॉलर झिजलेली, बटणे वेगवेगळी. पण काम चोख. कामाला साजेसा पोशाख म्हणतात तो हाच, मात्र कोणत्याही नियमावलीत त्याचा समावेश नाही.

आणि नियम आहेत ते टेबलामागच्या माणसांसाठी. टेबलासमोर फेरफारासाठी किंवा पीककर्जाच्या कागदांसाठी उभा राहणारा शेतकरी ठेवणीतला धुवट शर्ट घालून, खांद्यावर दुपट्टा नीट टाकून येतो. त्याला तसे कोणी लिहून कळवलेले नसते.