पिठाचा कोंबडा आणि वीस बाजूंचा फासा

दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस होता. सासूबाईंचं एकाशन, म्हणून मी स्वयंपाकघर लवकर आवरलं होतं. त्या देवघरासमोर माळ ओढत बसलेल्या. इतक्यात माडीवरून चार-पाच पोरांचा एकदम आवाज आला, "मारला! मेला, मेला!"

सासूबाईंची माळ थांबली. "कोण मारलं रे वर? काय मारलं?"

मी पायऱ्या चढून गेले. खोलीत धाकटा आणि त्याचे चार मित्र सतरंजीवर गोल बसलेले. मध्ये चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा आणि रंगीत फासे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पर्वाचे दिवस, घरात फासे, आणि वरून "मारला"! सप्तव्यसनांतलं पहिलं व्यसनच द्यूत. मी काही बोलले नाही. पोरं संध्याकाळी गेल्यावर फासे गोळा केले आणि उडदाच्या डब्यात, तळाशी घालून टाकले.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आई, माझे फासे बघितलीस काय?"

"मला काय माहीत? नीट ठेवत जा की वस्तू," म्हणाले.

बोलून गेल्यावर आठवलं, कालचा दिवस उत्तम आर्जवाचा होता. मनात एक आणि तोंडात एक असू नये, हे पंडितजींनी बस्तीत तासभर समजावलं होतं. मी मान डोलवून आले होते, आणि घरी येऊन नेमकं तेच केलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फाशांचं काय एवढं? पण त्या वर्षी आमच्या घरात दुसरंच काही चाललं होतं. धाकट्याची वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली होती. निकालापासून तो जेवायला खाली यायचा, मान खाली घालून जेवायचा आणि वर जायचा. नातेवाइकांचे फोन आले की मीच, "बघू या, काहीतरी करील," म्हणून विषय बदलायचे. आणि त्याच्यासमोर जावेच्या मुलाचं कौतुक करायचे. तेही हटकून. शहापुरातल्या आमच्या त्या घरात त्याचा मोकळा आवाज ऐकू यायचा तो फक्त रविवारी, माडीवर, हे पोरगे जमले की. तोच आवाज मी उडदात पुरला होता. त्यानंतर पोरं यायची थांबली. तोही गप्प झाला.

पर्वात बस्तीत यशोधराची कथा झाली. आपल्या सगळ्यांनाच ती माहीत असते. सोमदेवसूरींनी ती 959 साली संस्कृतात लिहिली, आणि आपल्या कर्नाटकात जन्न कवीनं 1209 च्या सुमारास कानडीत. राजा यशोधराला त्याची आई प्राण्याचा बळी द्यायला सांगते. तो नको म्हणतो. मग मधला मार्ग निघतो, पिठाचा कोंबडा करून तो कापायचा. कोंबडा खोटा, रक्त नाही, जीव नाही. पण कापताना मनात भाव मारण्याचाच होता. तेवढ्यावर मायलेकाला मोर, कुत्रा अशा एकामागून एक जन्मांचे फेरे पडले.

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "वर पोरं काय करतात? पिठाचा कोंबडाच की तो."

मला मुद्दा सापडला. तशीच माडीवर गेले आणि धाकट्याला कथा सांगितली. खेळातलं मारणं खोटं असलं तरी भाव खरा असतो, असं ठासून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "फासे तू घेतलीस नव्हं?"

काय सांगणार? हो म्हणाले.

"मग आता न बघता बोलू नको. रविवारी बस आमच्यात. बघ, आणि मग सांग."

त्या दोन-तीन दिवसांत त्यानं मला खेळ समजावून सांगितला. महिनाभरानं पहिल्यांदा तो माझ्याशी एवढं बोलत होता, म्हणून मीही मुद्दाम प्रश्न विचारत राहिले. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढलेला. गायगॅक्सची विम्याची नोकरी गेली होती, तो घरी बूट दुरुस्त करून संसार चालवत होता. पहिल्या हजार प्रती घरातच जुळवून पेट्यांत भरल्या. धाकट्यानं हे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. मला मात्र ते ऐकू आलं.

यात सोंगट्या पुढे सरकवून घर गाठायचं नसतं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात. "समोर दार आहे, आतून कुजबुज ऐकू येते, काय करता?" असं तो विचारतो. ते सांगतील ते घडतं, जिथे शंका असेल तिथे फासा पडतो. जमिनीखाली भुयारं, खोल्या, सापळे, राक्षस, धन. जितकं खाली जाल तितका धोका मोठा.

"म्हणजे आपले सात नरकच की," मी म्हणाले. "वर रत्नप्रभा, तळाला महातमःप्रभा. खाली जाल तसा अंधार वाढतो."

त्यानं चमकून बघितलं. "सातही नावं येतात तुला?"

"आज्जीला विचार. तिला मापांसकट येतात."

मग त्यानं जुनी चित्रं दाखवली. रंगीबेरंगी नव्हेत, बहुतेक काळ्या शाईची, रेघारेघांची. मला एकदम माहेरचे निपाणीचे दिवस आठवले. 'चांदोबा' आला की आम्ही बहिणी आधी विक्रम-वेताळाचं पान उघडायचो. खांद्यावर प्रेत घेतलेला राजा, हातात तलवार, भोवती स्मशान. शंकर यांचं ते चित्र बघून रात्री परसात एकटीनं जायची छाती व्हायची नाही, आणि तरी पुढच्या महिन्यात तेच पान आधी. भीती अशी हौसेनं मागून घ्यायची गोष्ट असते, हे मी विसरूनच गेले होते.

एक चित्र मात्र मला रुचलं नाही. 1978 च्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी काढलेलं. प्रचंड मूर्ती, आणि दोन चोर तिच्या डोळ्यातलं रत्न उपटून काढताहेत. खाली मारलेले जीव पडलेले. "तुमच्या लोकांना हे थोर वाटतं?" मी म्हणाले. आपल्या बस्त्यांतून मूर्ती चोरीला गेल्याच्या बातम्या वाचून आपण गाभाऱ्यांना लोखंडी जाळ्या बसवल्या. मूर्तीला हात लावणारा माणूस मला गोष्टीतसुद्धा नायक वाटत नाही. धाकटा म्हणाला, "मलाही ते दोघं आवडत नाहीत. पण बघ, मारामारी संपलीय, आणि आता यांचं काय करायचं म्हणून बाकीचे थांबलेत. ते आवडतं." मग त्यानं सांगितलं, की हा चित्रकार पुढं सगळं सोडून निघून गेला, कित्येक वर्षं कुणाला पत्ता नव्हता, शेवटी टॅक्सी चालवताना सापडला. 2014 साली वारला.

रविवार उजाडला. नववा दिवस, उत्तम आकिंचन्याचा. उडदाचा डबा परातीत ओतून फासे काढले, पुसून त्याच्या हातात दिले. सासूबाईंना सांगितलं, पैसे लावत नाहीत, म्हणजे द्यूत नव्हे. गुजरात-राजस्थानकडे आपले लोक पर्युषणात ज्ञानबाजी खेळत आलेच की, चौऱ्याऐंशी घरांचा पट, खाली नरक आणि वर सिद्धशिला. सासूबाई म्हणाल्या, "ते खरं. पण तिथं कोण मारत नाही कुणाला."

जुनी गोष्ट खेळायची ठरली होती. नाव 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स', 1980 च्या सुमाराची. सीमेवरचा किल्ला. मला हसूच आलं. 1956 पासून आम्ही दुसरं काय ऐकतोय? आणि सीमेवरचा किल्ला आमच्या गावातच तर आहे. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. रट्टांच्या कार्तवीर्य राजाचा मंत्री बिचिराज, त्यानं 1204 साली ती बांधवली. आत नेमिनाथ, वर छतात दगडाचं कमळ. आमच्यासाठी किल्ला म्हणजे आधी ती शांत, गार बस्ती. या गोष्टीतला किल्ला म्हणजे आपण आत आणि बाहेर सगळे राक्षस.

मला धर्मगुरूचं पात्र मिळालं. नियम असा, की त्यानं धारेचं शस्त्र वापरायचं नाही, गदा चालेल. म्हणजे रक्त सांडायचं नाही, पण टाळकं फोडलं तर हरकत नाही! मी पोटभर हसले. मग हसू जरा आटलं. माझ्या माहेरी तंबाखूची वखार होती. घरात कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा नाही, आणि आमची शिक्षणं, लग्नं सगळी तंबाखूवर झाली. गदा आम्हीही हातात धरलेलीच होती.

पहिली गुहा कोबोल्ड नावाच्या बुटक्या प्राण्यांची. पोरांनी तलवारी काढल्या. मी म्हणाले, "आधी बोलून बघू या की." मला वाटलं हसतील. पण धाकटा गंभीरपणे म्हणाला, "चालतंय. फासे टाक." जुन्या नियमात हे आहेच. राक्षस दिसला म्हणजे लढाई, असं नाही. दोन साधे फासे टाकायचे. बेरीज दोन आली तर तो तुटून पडतो, बारा आली तर मित्र होतो, मधल्या आकड्यांत कमीजास्त. माझे नऊ आले. ते थांबले. मी आमच्या पिशवीतलं सगळं सुकं अन्न त्यांना दिलं.

आत गेलो तर एका मोठ्या खोलीत त्यांच्या बायका आणि पिल्लं. हे धाकट्यानं घातलेलं नव्हतं, पुस्तकातच तसं छापलेलं आहे. पिल्लं हल्ला करत नाहीत, असंही. खोलीत एकदम गप्पगार झालं. एक मित्र हळूच म्हणाला, "काकू, सोडलं तर उद्या मोठी होऊन हीच गावावर येतील." दुसरा म्हणाला, "पण आत्ता काय केलंय त्यांनी?" कुणाच्या हातात खरी तलवार नव्हती. तरी त्या पाच पोरांचे चेहरे बघून मला कळलं, की भाव म्हणतात तो हाच. तो इथे घडत होता, माझ्यासमोर, आणि कुठल्या बाजूला पडेल ते फाशावर नव्हतं.

आम्ही दार ओढून घेतलं आणि बाहेर पडलो.

शेवटी हिशेब झाला. या जुन्या खेळात मारल्याचे गुण थोडेच, खरे गुण मिळतात बाहेर आणलेल्या सोन्याचे. एका नाण्याला एक गुण. म्हणून शहाणे खेळाडू लढाई टाळतात, आणि धन मात्र सोडत नाहीत. हिंसा कमी, परिग्रह भरपूर. आमच्या वखारीसारखंच. धाकटा वहीत बघून म्हणाला, "आई, तुला शून्य. अन्न पण घालवलीस."

"आज आकिंचन्यच आहे," मी म्हणाले, आणि तो हसला. निकालानंतर पहिल्यांदा.

खाली आलो तर सासूबाईंनी विचारलं, "आज कोण मारलं?"

"कोण नाही, आज्जी. आईनं सगळ्यांना जेवायला घातलं."

पिठाच्या कोंबड्याचा प्रश्न सुटला, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या रविवारी मी नव्हते, तेव्हा वरून "मारला!" ऐकू आलंच. यशोधराची कथा खरीच आहे, मनात केलेलं वाया जात नाही. फक्त ती कथा मी त्याला मारण्यासाठी वापरली होती, हे मला उशिरा कळलं.

पर्व संपल्यावर क्षमावाणीला आपण सगळ्या गावाला हात जोडतो. व्हॉट्सअॅपवर एकाच दमात दोनशे जणांची क्षमा मागून मोकळे होतो. त्या दिवशी मी फोन ठेवला आणि आधी माडीवर गेले. फाशांसाठी मागितली, खोटं बोलल्यासाठी मागितली, आणि जावेच्या मुलाशी रोज तुलना केली त्यासाठीही.

तो चौकटीच्या कागदावर काहीतरी काढत होता. सात मजले, एकाखाली एक. आज्जीकडून नावं लिहून घेतली होती. वर न बघता म्हणाला, "असू दे की आई. आणि हे बघ, महातमःप्रभेतनं वर यायची वाट कुठून काढू?"

मी शेजारी सतरंजीवर बसले. म्हटलं, "दाखव बघू."