आबांची खिडकी आणि माझा पीसी

आमच्या घरात माझ्या पीसीला ‘डबा’ म्हणतात. ‘त्या डब्यावर पापड वाळत घालू का, गरम तर असतोच,’ असं आई म्हणायची. गमतीनं म्हणायची, पण त्या एप्रिलात त्यात गंमत उरली नव्हती. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. कराडात, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. दुपारी खोलीतच ३९-४० अंश आणि त्यात लग्नसराई. दोन तासांचं लग्न रेंडरला लावलं की प्रोसेसर ९५ अंशांना टेकायचा आणि जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करायचा. चाळीस मिनिटांच्या कामाला दोन तास. नवरीचा भाऊ दर अर्ध्या तासानं फोन करायचा.

दोष केसचा होता. चार वर्षांपूर्वी दिव्यांच्या नादानं घेतलेली. पुढे अख्खी काच, काचेमागे तीन रंगीत पंखे. दिसायचे फार छान, पण काचेतून हवा येत नाही. एकदा चिडून पुढची काच काढून ठेवली तर तापमान बारा अंशांनी उतरलं. मग नव्या केस बघायला लागलो. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीची ‘नॉर्थ’ नावाची केस आहे, २०२२ साली आली. पुढच्या बाजूला काचेऐवजी लाकडाच्या उभ्या पट्ट्या, मधल्या फटींतून हवा. फोटो बघून जीव गेला, किंमत बघून परत आला.

आणि तेव्हा लक्षात आलं की लाकूड आणि ॲल्युमिनियम या दोनच गोष्टी आमच्या घरात ढिगानं पडल्यात.

हे जरा सांगायला पाहिजे. माझे आजोबा, म्हणजे आबा, सुतार. वडलांचं, म्हणजे अण्णांचं, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचं दुकान. आबांनी गावात बसवलेल्या खिडक्या पुढे अण्णांनी उपटून काढल्या, असंही सांगता येईल. नव्वदच्या दशकात ज्याला त्याला स्लायडिंग हवं होतं. सागवान परवडेना, आणि लाकडी खिडकी पावसाळ्यात फुगते. लागत नाही, लागली तर उघडत नाही. अण्णांचं दुकान या एका तक्रारीवर उभं होतं. १९९८ साली त्यांनी आमच्याच पुढच्या खोलीतली लाकडी खिडकी काढून तिथं स्लायडिंग बसवलं. आबा काही बोलले नाहीत म्हणे. फक्त दुपारचं आडवं व्हायला ते त्या खोलीऐवजी मागच्या पडवीत जायला लागले. काढलेली झडपं माळ्यावर गेली. आबा २००९ साली वारले. दुकान कोरोनानंतर बंद झालं. तेव्हापासून अण्णा घरी असतात. पेपर वाचतात, बिघडलेले नळ दुरुस्त करतात, न बिघडलेलेही करतात.

माळ्यावरून झडपं उतरवत होतो तेव्हा ते खाली उभे होते.

‘कशाला काढतोयस?’

‘डबा करायचाय पीसीला.’

‘त्या झडपांचा?’ थोडा वेळ बघत राहिले. ‘ती नको. बाजारातनं दुसरं लाकूड आणू.’

‘का?’

‘जुनं झालंय ते.’

सागवान जुनं झालं म्हणून नको, हे मी सुताराच्या घरात पहिल्यांदाच ऐकत होतो. मी तीच घेतली.

झडप सुटं करताना एक गोष्ट दिसली. बाहेरची चौकट एकमेकांत घट्ट ठोकलेली, पण मधली रुंद फळी खाचेत नुसतीच ठेवलेली. ना खिळा, ना सरस. हलवली की खुळखुळायची. वयानं ढिली झाली असणार, असं मी धरून चाललो.

आराखडा साधा ठेवला. सांगाडा ॲल्युमिनियमच्या अँगलचा, मदरबोर्ड बसवायला ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा, दोन्ही बाजूंना सागाच्या फळ्या, पुढे सागाच्या पट्ट्या. ॲल्युमिनियमची केस म्हणजे थंड पीसी, असा एक समज आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता सागापेक्षा हजारपटीहून जास्त सहज जाते हे खरं, पण प्रोसेसरची उष्णता बाहेर नेते ती हवा. केस कशाची आहे यापेक्षा तिला भोकं कुठं आहेत हे महत्त्वाचं. ॲल्युमिनियम मी घेतलं कारण ते दुकानातलं उरलेलं होतं.

अण्णा पहिले दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी मी पत्रा कापताना ब्लेड जॅम केलं आणि त्यांना राहवलं नाही. ‘कोरडं कापतात का रे ॲल्युमिनियम?’ म्हणत रॉकेल घेऊन आले. ब्रशनं दोन थेंब लावले की ब्लेडला धातू चिकटत नाही. कानशीच्या दातांत कीस अडकू नये म्हणून आधी कानशीवर खडू घासायचा, हेही तेव्हाच कळलं. मग मागच्या बाजूची ती आयताकृती जागा कापायची होती, जिथून मदरबोर्डची सगळी पोर्ट बाहेर डोकावतात.

‘ही खिडकी किती बाय किती?’ अण्णांनी विचारलं. त्यांच्या दृष्टीनं कुठलंही चौकोनी भोक खिडकीच.

‘१५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर.’

‘असलं माप असतं का कुठं?’ त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पत्र्यावरच भागाकार केला आणि हसले. ‘सव्वासहा बाय पावणेदोन इंच. मग इंचात सांग की.’

मी सहा वर्षं पीसी जोडतोय. ही मापं मुळात इंचातली आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं.

त्या आत्मविश्वासात मी पुढची चूक केली. माझा बोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० मिलिमीटरचा चौरस. व्हीआयए या तैवानी कंपनीनं २००१ मध्ये काढलेलं माप. चौरसाला चार कोपरे, चार कोपऱ्यांना चार भोकं. तीन मोजली, चौथं गुण्या लावून काढलं आणि ड्रिल मारलं. बोर्ड ठेवला तर तीन स्क्रू बसले, चौथ्याखाली कोरा पत्रा. मिनी-आयटीएक्सची चार भोकं आयतात नसतात. मोठ्या बोर्डांशी जुळावं म्हणून एक भोक सुमारे २३ मिलिमीटर आत सरकवलेलं असतं. तोही पाऊण इंचाहून थोडा जास्त, बरोबर ०.९ इंच. माझं चुकीचं भोक अजून तिथंच आहे. त्यातून आता एक वायर जाते.

‘असलं घरी कोण करत बसतं?’ असं अण्णांनी मध्येच विचारलं, तेव्हा मी त्यांना सांगितलं की ॲपलचा पहिला कॉम्प्युटर, १९७६ सालचा ॲपल-१, नुसता बोर्ड म्हणूनच विकला जायचा. जेमतेम दोनशे तयार झाले. खोकं ज्याचं त्यानं करायचं, आणि बऱ्याच जणांनी ते लाकडाचं केलं. अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, ‘म्हणजे तिकडंही सुतारांना कॉम्प्युटरनंच शेवटचं काम दिलं.’

मेच्या शेवटी बाजूच्या फळ्या बसवायच्या होत्या. झडपातल्या त्या मधल्या फळीचे दोन तुकडे केले, आबांच्या रंध्यानं साफ केले. वरचा काळपट थर निघाला आणि आतून मधासारखा रंग आला. तो वास मी लिहू शकत नाही. सांगाड्यात फळी इतकी नेमकी बसवली की शेवटी हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोकावं लागलं. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. अण्णांच्या दुकानाचं जुनं व्हिजिटिंग कार्ड कडेला लावून दाखवलं. कार्डही आत जात नव्हतं.

‘जरा फट ठेव,’ अण्णा म्हणाले.

‘अण्णा, हे काय दार आहे का?’

ते काही बोलले नाहीत. चहा प्यायला खाली गेले.

डबा चालू केला तेव्हा हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. टेस्टर लावला तर लागला. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे बारीक कपॅसिटर असतात. ते धातूच्या अंगावर थोडासा प्रवाह सोडतात आणि अर्थिंगमधून तो जमिनीत जातो. आमच्या वरच्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगचं भोक होतं, पण भोकामागं वायर नव्हती. जुन्या केसला जाड रंग होता म्हणून चार वर्षं कळलं नाही. अण्णांनी एका दिवसात खालून अर्थिंगची वायर ओढली. स्क्रूंखालचा ॲल्युमिनियमचा ॲनोडाइझचा थरही खरवडायला लावला, कारण त्या थरातून वीज जात नाही. तापमान ७८ अंशांच्या वर जाईना. मी फोटो टाकले, कौतुक झालं.

जुलैत दहा दिवस सलग पाऊस लागला. अकराव्या रात्री पावणेदोनला रेंडर चालू असताना ‘टक्’ असा आवाज झाला. पंखा असेल म्हणून सोडून दिलं. सकाळी बघितलं तर वरच्या अँगलचं एक रिव्हेट तुटलं होतं, अँगल धनुष्यासारखा वाकला होता आणि फळी पोट काढल्यासारखी बाहेर आली होती. फळी काढायला गेलो तर निघेना. शेवटी दुसरं रिव्हेट आपण होऊन ड्रिलनं फोडलं. मोजली तेव्हा फळी रुंदीला पावणेदोन मिलिमीटर वाढली होती. लांबीला काहीच नाही. लाकूड आडवं फुगतं, उभं फुगत नाही. आणि मग झडपातली ती खुळखुळणारी फळी आठवली. ती ढिली झाली नव्हती. आबांनी ती ढिलीच ठेवली होती.

मी फळी घेऊन खाली गेलो. अण्णा पेपर वाचत होते.

‘तुम्ही सांगितलं होतं,’ मी म्हणालो. ‘पण मग एक कळत नाही. आबांना हे सगळं माहीत होतं तर ही खिडकी पावसाळ्यात लागायची का नाही?’

त्यांनी फळी हातात घेतली, उलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला.

‘झडपं आबांनी केलेली. बसवली मी. ब्याऐंशीचा मे महिना. एकट्यानं करायला दिलेलं माझं पहिलं काम. अशी बसवली की चौकटीत पातं जाणार नाही. आबा म्हणाले, फट ठेव. मी नाही ठेवली.’

‘मग?’

‘मग काय. सोळा पावसाळे लागली नाही.’

‘पण आबांना रंधा मारायला कितीसा वेळ लागला असता?’

‘पाच मिनिटं.’ त्यांनी फळी टेबलावर ठेवली. ‘माझं काम होतं ना. मी करीन म्हणून थांबले असतील.’ मग जरा वेळानं, पेपरकडं बघत, ‘दुकानात गिऱ्हाईक आलं की मी सांगायचो, माझा बाप सुतार आहे, पण त्याच्या घरची खिडकी बघा लागते का. आबा कधीकधी तिथंच बसलेले असायचे.’

आई आतून काहीतरी विचारत होती. आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही.

दुपारी ते स्वतः वर आले. आबांचा रंधा घेऊन आले होते, तो त्यांनी किती वर्षांत धरला नव्हता कोण जाणे. पहिले दोन हात फळीला खड्डे पाडत गेले. मग हात बसला. वरून थोडं, खालून थोडं काढलं. स्क्रू लावू दिले नाहीत. दुकानातल्या उरलेल्या मालातून स्लायडिंगचं काच धरायचं चॅनेल शोधलं, त्याचे दोन तुकडे वर-खाली रिव्हेट केले आणि फळी त्यात सरकवली. ना स्क्रू, ना सरस. हलवली की खुळखुळते. रेंडर चालू असताना पंख्याबरोबर बारीक थरथरायची, तर अण्णांनी दुकानाचं तेच कार्ड दुमडून वरच्या फटीत खोचलं. घट्ट बसलं.

ते कार्ड जानेवारीत एका सकाळी टेबलावर पडलेलं सापडलं. फळी आकसली होती. खाली नेऊन दाखवलं.

‘तिघडी करून लाव,’ अण्णा म्हणाले. ‘जूनमध्ये आठवणीनं काढ.’