आवाज येतो, शब्द कळत नाहीत

दवाखान्यात एक तक्रार महिन्यातून चारपाच वेळा तरी माझ्या कानावर येते, आणि ती सांगणारा बहुधा रुग्ण स्वतः नसतो. त्याचा मुलगा किंवा सून असते. "बाबांना ऐकू येतं, डॉक्टर, पण सांगितलेलं लक्षात राहत नाही. विसरायला लागलेत." बाबा शेजारच्या खुर्चीत बसून हसतमुखाने मान डोलावत असतात. ही मान डोलावणे मी आता ओळखतो. न कळलेल्या वाक्याला दिलेला तो सभ्य होकार असतो.

गेल्या वर्षी असेच एक आबा माझ्याकडे आले. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या कडेच्या एका वाडीत त्यांचे घर. उभा जन्म एस.टी.चे चालक म्हणून गेलेला. जुन्या गाड्यांचे इंजिन कानाशी, घाटात सतत खालच्या गिअरमध्ये गुरगुरणारे. वय ७४. वर्षभरात त्यांनी भजनाला जाणे सोडले, पारावर बसणे सोडले आणि जेवणाच्या पंगतीत बोलणेही सोडले. घरच्यांनी त्याला म्हातारपणाचा विसर असे नाव दिले होते. मी नादकाटा वाजवून कानाजवळ धरला. आबांना तो उत्तम ऐकू आला. कानात मळही नव्हता. मुलगा म्हणाला, "बघा, कान चांगले आहेत."

येथे थोडे थांबावे लागते, कारण पुष्कळ घरे याच पायरीवर फसतात. आपण वापरतो तो नादकाटा ५१२ हर्ट्झचा, म्हणजे बऱ्यापैकी खालच्या पट्टीचा. वयोमानाने येणारा बहिरेपणा खालून सुरू होत नाही, वरून सुरू होतो. कानातील शंखाकृती नळीत उंच स्वर टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी असतात आणि खर्जाच्या पेशी आत, टोकाला. दाराजवळच्या पेशी आधी झिजतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातील 'आ', 'ओ', 'ऊ' यांचा जोर खाली असतो. 'स', 'श', 'फ' यांचा वर, ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याहीपुढे. परिणामी आबांना आवाज पूर्ण येतो, पण 'सात' आणि 'हात' यांत फरक राहत नाही. गोळी सात दिवस घ्यायची की आठ, हा प्रश्न मग केवळ व्याकरणाचा उरत नाही.

हे सारे आबांच्या मुलाला समजावताना माझी गाडी अडत होती. ती पुढे नेली त्यांच्या नातवाने. हा मुलगा लोणेऱ्याला अभियांत्रिकी शिकतो आणि विजेवरची गिटार वाजवतो. मी घरी गेलो तेव्हा पडवीत त्याचा ॲम्प्लिफायर जमिनीवर ठेवलेला होता. आपली भजनी मंडळे ज्याला नुसते 'मशीन' म्हणतात त्याचाच चुलतभाऊ. पुढे बेस, मिडल, ट्रेबल अशी बटणे आणि बाजूला 'ब्राइट' लिहिलेला एक छोटा खटका. त्या खटक्याचे काम काय, असे मी सहज विचारले आणि तासभर उठलो नाही.

या बटणांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तरी १९५० च्या दशकात त्यांच्या कंपनीने बनवलेला 'बेसमन' आजही आदर्श मानला जातो. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ढोलवादक दुकानदाराच्या पदरी असलेल्या तंत्रज्ञांनी त्याच धर्तीवर पहिला मार्शल बांधला. बेसमनच्या गाजलेल्या नमुन्यात गिटार जोडायला दोन वाटा होत्या: एक 'नॉर्मल', दुसरी 'ब्राइट'. स्वराला 'उजळ' म्हणणे आपल्यालाही परके नाही. तबल्याची शाई आणि तंबोऱ्याची जवारी यांबद्दल आपले गवई जवळपास याच भाषेत बोलतात.

नातवाने सांगितलेली पहिली गोष्ट मला नवी होती. या जुन्या घडणीच्या यंत्रांतील बेस, मिडल आणि ट्रेबल ही तिन्ही बटणे स्वतः काहीच वाढवत नाहीत. ती चाळणीसारखी आहेत. कोणता स्वर किती गळू द्यायचा एवढेच ठरवतात. ट्रेबल शेवटपर्यंत फिरवला म्हणजे वरचे स्वर जास्त झाले असे नव्हे, ते कमीत कमी गळले. गळून गेलेली भर नंतर एकूण आवाज वाढवून काढायची. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला बोलते आणि वरचे टोक १३०० हर्ट्झच्या आसपास थांबते. स्वराची धार, तारेवर नखी घासल्याची खरखर, हे सगळे त्याच्याही वरच्या मजल्यावर असते. तेच गळाले की सूर कळतो, पण कोणते वाद्य ते नीट कळत नाही. आबांच्या कानाचे याहून चांगले वर्णन मी वैद्यकाच्या पुस्तकातही वाचलेले नाही.

दुसरी गोष्ट त्या ब्राइट खटक्याची. आवाजाच्या बटणाला समांतर एक अगदी लहान कपॅसिटर जोडलेला असतो. १९६० च्या दशकातील फेंडरच्या काही नमुन्यांत तो १२० पिकोफॅरडचा असे. बटण खाली असताना बाकीचे स्वर अडतात, पण उंच स्वर या आडवाटेने निसटून पुढे जातात. म्हणून हळू वाजवतानाही गिटार स्पष्ट ऐकू येते. बटण पूर्ण वर नेले की त्या आडवाटेला अर्थ उरत नाही आणि खटका असून नसल्यासारखा होतो. मंद आवाजात धार द्यायची, मोठ्या आवाजात हात आवरता घ्यायचा! आजची चांगली श्रवणयंत्रे वेगळ्या तंत्राने नेमके हेच साधतात. हळू आलेला 'स' ती पुष्कळ उचलतात, दार आपटल्याचा आवाज मात्र फारसा वाढवत नाहीत.

वाचकहो, तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर हा संवाद तुम्ही ऐकला असेल: "जरा मोठ्याने बोल." आपण मोठ्याने बोलतो. "अरे, ओरडतोस कशाला?" घरातील माणसे यावर चिडतात, पण त्यात हट्ट नसतो. झिजलेल्या कानाला हळू आवाज पोहोचत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो. मधली जागा अरुंद होते. शिवाय ओरडल्याने वाढतात ते प्रामुख्याने 'आ' आणि 'ओ'. 'स' आणि 'फ' जिथल्या तिथे राहतात. तुम्ही आवाजाचे बटण फिरवता, गरज असते ट्रेबलची. म्हणून समोर, उजेडात बसा, ओठ दिसू द्या, टीव्ही बंद करा आणि शब्द सुटे करून नेहमीच्या आवाजात बोला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पत्र्यावरचा पाऊस हा आणखी एक शत्रू असतो. त्या दिवसांत महत्त्वाचे बोलणे, विशेषतः औषधांचे, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे.

आबांची श्रवणचाचणी झाली. आलेख डावीकडे जवळजवळ सपाट आणि २००० हर्ट्झनंतर घाटासारखा उतरलेला. स्मरणशक्तीच्या साध्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी, प्रश्न लिहून दाखवल्यावर, बिनचूक दिली. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०१७ पासून पुन्हा पुन्हा, स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू न येण्याचा समावेश केला आहे. तेव्हा 'वयच झालं' म्हणून ऐकण्याचा प्रश्न पुढे ढकलणे मला मुळीच मान्य नाही. चाचणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे होते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. गरजूंना श्रवणयंत्र मिळण्यासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, तिची चौकशी जरूर करावी. बाजारात मिळणारे, सगळेच आवाज सरसकट वाढवणारे यंत्र चाचणीशिवाय आणून आजोबांच्या कानात घालू नका. आठ दिवसांत ते डब्यात जाऊन पडते.

माझे स्वतःचे वय आता ५६. हृदयाचे ठोके खर्जातले असल्यामुळे स्टेथोस्कोपने अजून दगा दिलेला नाही, पण पावसाळ्याच्या रात्री रातकिडे पूर्वीइतके दाट ऐकू येत नाहीत. पत्नी म्हणते, तेवढेच आहेत.

उरला नातू. जमिनीवरच्या पेटीतून उंच स्वर सरळ रेषेत, त्याच्या गुडघ्यांकडे जात होते. उभ्याने वाजवताना त्याला स्वर बोथट वाटत, म्हणून तो ट्रेबल आणि आवाज दोन्ही वाढवत असे, आणि समोर बसलेल्या धाकट्या बहिणीच्या कानात ते सगळे थेट जात होते. हिशेब कडक आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ९४ ला १ तास, १०० ला अवघी १५ मिनिटे. बंद खोलीतील गिटार सहज ९० च्या पुढे जाते. लहान मुलांसाठी मर्यादा याहून खाली धरावी. 'द हू'चे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या श्रवणदोषाबद्दल आणि कानातील सततच्या आवाजाबद्दल जाहीरपणे सांगितले आहे, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा गंभीर झाला. डॉक्टरपेक्षा गिटारवाल्याचा शब्द मोठा. त्यात मला वाईट वाटले नाही.

पेटी आता स्टुलावर, तोंड वर करून ठेवली आहे. आवाज दोनच्या पुढे जात नाही. ब्राइट खटका चालू असतो. आबांना यंत्राची सवय व्हायला दोन महिने लागले. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा आवाज सहन होत नव्हता. नातवाच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी डाव्या कानात लहानशी खोच दिसली आहे. मोठ्या आवाजाने होणारी इजा प्रथम तिथेच दिसते. ती जुनी आहे की वाढते आहे, हे एका चाचणीवरून ठरत नाही. पुढची चाचणी दिवाळीनंतर आहे.