फळ्यावरचा खेळ

शाळेला देणगी द्यायची म्हटले की हल्ली बाके आणि पंख्यांच्या जोडीला स्पर्शाने चालणारा डिजिटल फळाही यादीत असतो. वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ तो भिंतीवर चढतो, मुले बोटाने चित्रे सरकवतात आणि देणाऱ्याला समाधान वाटते. वाटावेही. मात्र त्यावरील खेळांतून मूल काय शिकते, हे लोकार्पणाच्या दिवशी कळत नाही.

दशांश अपूर्णांकांचा खेळ घ्यावा. ०.४ आणि ०.३५ यांतील मोठी संख्या कोणती? पस्तीस हे चाराहून मोठे, या समजुतीने अनेक मुले ०.३५ वर बोट ठेवतात. फळा ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो. पर्याय दोनच असल्याने दुसऱ्या खेपेला उत्तर बरोबरच येते. टाळ्या वाजतात, गुण जमा होतो आणि चुकीची समजूत मनात तशीच राहते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मेळ बसला, पण नोंद चुकीचीच राहिली.

शिक्षकाने तेथेच खेळ थांबवून ‘हीच का निवडलीस?’ असे विचारले, तर धडा सुरू होतो. ०.४ किलो म्हणजे ४०० ग्रॅम आणि ०.३५ किलो म्हणजे ३५० ग्रॅम, हे ऐकताच दुकानात वाढलेले मूल सर्वांआधी हसते. ०.४ पुढे शून्य लिहून ०.४० केले की इतरांनाही उमगते. यासाठी लागतात फार तर पाच मिनिटे. पण खेळाच्या भरात नेमकी तीच सुटतात.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मार्झानो यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८५ शिक्षकांनी एकच पाठ एका वर्गाला अशा फळ्यावर आणि दुसऱ्या वर्गाला त्याविना शिकवला. सरासरी लाभ फळ्याच्या वर्गाला झाला. परंतु २३ टक्के उदाहरणांत फळ्याविना शिकलेली मुलेच पुढे राहिली. कृत्रिम टाळ्यांचा अतिरेक आणि चित्रांची गर्दी ही त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी दोन.

यंत्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा खर्च तसा दिसत नाही. म्हणूनच बहुधा तो देणगीदारांना सुचत नाही. फळ्याच्या किमतीतील थोडा भाग त्यासाठी राखून ठेवला, तर यंत्र जरा लहान आले तरी बिघडत नाही. देण्यापूर्वी एक तास मागच्या बाकावर बसून, एक मूल खेळत असताना उरलेला वर्ग काय करतो, तेही पाहावे.

आणि फळ्याची उंची! तो बहुधा मोठ्यांच्या सोयीने बसवला जातो. पहिलीच्या मुलाचा हात वरच्या ओळीला लागत नाही. मिस्त्रीने भिंतीला भोके पाडण्याआधी एखाद्या मुलाला तेथे उभे करावे.