घासावे किती?

सुरतेत आमच्या घराण्याला तीन पिढ्या लोटल्या. परंतु दिवाळीच्या पहाटेचे उटणे आणि न्हाणीघरातली वजरी आम्ही सोडली नाही. घासले की उजळते, ही समजूत अंगी मुरलेली. त्यात हे शहर हिऱ्यांना पैलू पाडून पोट भरणारे. या समजुतीपायी गेल्या वर्षी आमच्या हातून जी चूक घडली, ती वाचक भगिनींना मोकळेपणी सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या धाकट्या कन्येच्या गालांवर मुरमांचे डाग राहिले होते आणि मार्गशीर्षात तिचे लग्न ठरले होते. त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार चालू होते: महिन्यातून एकदा ग्लायकोलिक आम्लाचा लेप आणि रात्री ट्रेटिनॉइनचे मलम. गुण येत होता, पण सावकाश. आम्हाला धीर धरवेना. कुणाच्याशा सांगण्यावरून आम्ही मायक्रोडर्माब्रेजनचे घरगुती यंत्र मागवले. हे तंत्र १९८५ साली इटलीत निघाले. यंत्राच्या टोकाला हिऱ्याची भुकटी बसवलेली असते. ते कातडी किंचित ओढून घेऊन वरचा मृत थर खरवडते. हिऱ्याचे नाव ऐकताच आमचा विश्वास दुणावला!

लेप होऊन तीनच दिवस झाले होते. कन्या म्हणाली, "आई, डॉक्टरीणबाईंना विचारूया ना?"

आम्ही म्हणालो, "अगं, आपली वजरीच ती, जरा शिकलेली!"

त्या रात्री तिच्या गालांची आग आग झाली. पंधरवड्यात तेथे तपकिरी चट्टे उमटले. इथल्या मुली उन्हासाठी तोंडाला ओढणी गुंडाळतात; आमची कन्या घरातही ती सोडीना.

डॉक्टरीणबाई यंत्रावर रागावल्या नाहीत, आमच्या लपवाछपवीवर रागावल्या. "लेपाने नि मलमाने वरचा थर मी आधीच पातळ केला होता, त्यावर तुम्ही पुन्हा खरवडलेत. सावळ्या कातडीला इजा झाली की ती रंगद्रव्य अधिकच तयार करते. हिरा घासणारा किती घासायचे ते भिंगातून पाहून ठरवतो. तुम्ही कोणते भिंग लावले होते?"

आम्ही निरुत्तर झालो. लेप आणि मलम काही काळ बंद झाले. साधे स्निग्ध मलम व उन्हापासून रक्षण करणारे मलम एवढेच उरले. चट्टे पुसट व्हायला पाच महिने लागले. हळदीच्या दिवशी ते गालांवर होतेच.

असे यंत्र सर्वस्वी वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ते दवाखान्यातल्या यंत्राहून सौम्य असते आणि काहींना डॉक्टर परवानगीही देतात. मात्र लेप वा लेसर झाल्यावर लगेच ते वापरू नये, ताज्या मुरमांवर फिरवू नये, ट्रेटिनॉइनसारखे मलम चालू असल्यास किती दिवस आधी थांबवायचे ते विचारून घ्यावे. वरची कातडी नवी व्हायला सुमारे महिना लागतो. तेवढा अवधी तिला द्यावा. घरी जे जे करतो, ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

जावईबापूंनी ते चट्टे पाहिलेसुद्धा नाहीत. कन्येचा चेहरा पुरेसा उजळ नाही, असे वाटत होते ते केवळ आम्हाला. यंदाच्या दिवाळीत उटणे लावताना तिने आमचा हात हळूच धरला आणि म्हणाली, "आई, जरा हलक्या हाताने." तो हात आता आम्ही हलकाच ठेवतो.