पश्चिमेची मर्यादा

कामोठ्यातील एका घरात गेल्या हिवाळ्यात आठ दिवस भूगोलाचा तास चालला होता. घर हळदीच्या व्यापाऱ्याचे. मूळ सांगलीचे, पेढी वाशीच्या मसाला बाजारात आणि बिऱ्हाड मानसरोवर स्थानकाच्या अलीकडे. घरातील कर्ते पुरुष अण्णा. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती, म्हणून मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजाची चार तिकिटे काढण्यात आली होती. तिकिटांचे पैसे भरून झाल्यावर, म्हणजे ते परत मिळण्याची आशा मावळल्यावर, अण्णांनी ही वार्ता आपल्या मातोश्रींच्या कानी घातली. आजींनी माळ खाली ठेवली आणि विचारले, “समुद्रात म्हणजे कुठल्या दिशेला?”

प्रश्न साधा नव्हता. आजींनी चाळीस वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतले होते. पूर्वेला शिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर आणि पश्चिमेला गिरनार, याच्या पलीकडे यावज्जीव जायचे नाही. वर शिखरजीच्या पर्वताइतके आणि खाली हरिपूरच्या पेवाच्या तळाइतके. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीच्या पोटात खोदलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी निकामी झाली, पण आजींच्या व्रतात त्यांचा तळ अद्याप शाबूत होता.

अण्णांनी प्रथम व्यापारी मार्ग सुचवला. पूर्वेकडे शिखरजीपर्यंतचे पुष्कळ कोस वापराविना पडून आहेत, त्यांतले थोडे पश्चिमेच्या खात्यात वळते करून घ्यावेत. आजी शांतपणे म्हणाल्या, “यालाच क्षेत्रवृद्धी म्हणतात. तत्त्वार्थसूत्रात हा अतिचार सांगितलाय. तुझ्या जमाखर्चासारखं नसतं ते.” मग अण्णांनी रत्नकरंड श्रावकाचाराचा आधार घेतला. मर्यादा घालताना समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने धरावीत असे समंतभद्राचार्यांनी म्हटले आहे. “मग तू पर्वत धरलास, समुद्र धरलाच नाहीस. समुद्र मोकळा!” या युक्तिवादावर सूनबाईंनाही हसू आवरेना.

अखेर नातवाने मोबाइलवर नकाशा उघडला. गिरनार साधारण साडेसत्तर रेखांशावर, मुंबई त्र्याहत्तरच्या जवळ. मुंबईहून जहाज नाकासमोर पश्चिमेला दोनशे किलोमीटर गेले तरी ते गिरनारच्या पूर्वेलाच राहणार, आणि गोवा तर मुंबईच्याही पूर्वेला. आजींनी स्वाध्याय मंडळातल्या दोघींना विचारून खात्री करून घेतली आणि होकार दिला. मात्र जहाजावरचे अन्न घेणार नाही, सोबत लाडू, लाह्या, खारीक आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास असेल, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. इतक्या लवकर होकार कसा मिळाला, याचे अण्णांना थोडे आश्चर्य वाटले. त्याचे कारण त्यांना गोव्यात कळायचे होते.

प्रवासाची हकिकत लांबवण्यात अर्थ नाही. अटल सेतूवर अण्णांनी अडीचशे रुपयांच्या पथकराबद्दल सुस्कारा सोडला. जहाजावर स्वतंत्र जैन भोजनाची मांडणी पाहून ते सुखावले आणि दर अर्ध्या तासाने तिची पाहणी करून येऊ लागले. एक अडचण तेवढी उद्भवली. खोली खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची होती. ती पाण्याच्या पातळीच्या खाली असली तर किती खाली, आणि पेवाहून खोल तर नाही ना? नातवाने गणवेशातील एका अधिकाऱ्याला गाठून विचारले. असा प्रश्न त्याला पूर्वी कोणी केला नसावा. उतारूंच्या सगळ्या खोल्या पाण्याच्या वरच आहेत, असे त्याने सांगितल्यावर आजी झोपल्या.

सकाळी गोवा आला. जाहिरातीतला गोवा म्हणजे माड, वाळू आणि निळे पाणी. मुरगाव बंदरात उतरणाऱ्याला आधी दिसतात ते दगडी कोळशाचे ढीग आणि अवजड याऱ्या. सूनबाईंचा चेहरा पडला, अण्णांचा मात्र उजळला. एवढा माल, एवढी हाताळणी! टनामागे काय दर पडत असेल, याची चौकशी त्यांनी दोघांकडे केली. दोघेही सहप्रवासी निघाले.

जहाजाचा नियम सुटसुटीत होता. चार वाजता सर्वांनी परत असावे. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते, स्वतःच्या वाहनाने गेलेल्यासाठी थांबत नाही. अण्णांनी सहलीचा दर पाहिला, त्याला चाराने गुणले आणि बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सी ठरवायला गेले. घासाघीस अर्धा तास चालली. चालकाने शंभर रुपये कमी केले. अण्णा विजयी मुद्रेने परतले तेव्हा दहा वाजले होते.

बेत असा होता की फोंड्याच्या पलीकडची एक मसाल्याची बाग पाहायची. हळदीच्या व्यापाऱ्याने सुटीच्या दिवशी पैसे मोजून हळदीचे झाड पाहायला का जावे, हा प्रश्न सूनबाईंनी कामोठ्यातच विचारला होता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नव्हते. गाडी सुरू झाल्यावर आजींनी जाहीर केले की सकाळच्या सामायिकानंतर त्यांनी आजच्या दिवसापुरते देशव्रत घेतले आहे. आज पूर्वेला फोंड्याच्या पुढे जायचे नाही.

“आई, बाग फोंड्याच्या जेमतेम सहा किलोमीटर पुढे आहे,” अण्णा काकुळतीला आले.

“फोंडा म्हणजे फोंडा. मला बांदिवड्याला सोड.”

आणि त्यांनी जपमाळेच्या पिशवीतून एका मासिकाचे पिवळे पडलेले कात्रण काढले. गोव्यातील जैन अवशेषांवरचा तो लेख होता. कुडण्याचे देवालय आणि फोंड्याजवळच्या बांदिवड्याची नेमिनाथ बस्ती. कात्रण किती वर्षे जपले होते कोण जाणे. होकार इतक्या सहज का मिळाला, ते अण्णांच्या आता ध्यानात आले.

वास्को, कुठ्ठाळी आणि बोरीचा पूल मागे टाकून गाडी बांदिवड्याला पोहोचली. आजी आणि नातू उतरले. एक वाजता न्यायला येतो, असे सांगून अण्णा पुढे गेले.

बागेत जे घडले ते सूनबाईंनी नंतर इतक्यांदा सांगितले आहे की कामोठ्यात ते आता बहुतेकांना पाठ आहे. माहिती देणारा तरुण मोठा उत्साही होता. त्याने पोफळीवर चढलेली मिरवेल दाखवली, वेलची, जायफळ, दालचिनी दाखवली. एक गडी सरसर पोफळीवर चढला आणि शेंडा झुलवत दुसऱ्या पोफळीवर गेला. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. मग तो तरुण एका रुंद पानाच्या रोपाजवळ थांबला आणि म्हणाला, “ही काय वनस्पती आहे, कोणी सांगेल?”

अण्णा गप्प राहिले. हे गप्प राहणे त्यांना किती जड गेले असेल, याची कल्पना त्यांच्या बाजारातील स्नेह्यांनाच येईल. तरुणाने कंद उपटला, मोडला, आतला केशरी रंग दाखवला आणि चाखण्यासाठी तुकडा पुढे केला. “आम्ही ओली खात नाही, वाळल्यावर घेतो,” अण्णा म्हणाले. इथवर ठीक होते. पण पुढे तो तरुण म्हणाला की हळद उपटून वाळवली की झाली तयार.

“आणि शिजवायची कोणी?” अण्णांचा बांध फुटला.

त्यानंतर पाऊण तास बाग अण्णांची होती. हळद काहिलीत का शिजवतात, पिंपात घालून पॉलिश कशी करतात, राजापुरी आणि सेलममध्ये फरक काय, मंडोळे कशाला म्हणतात, बोट कशाला म्हणतात, सौदा कसा होतो, पेव कसे भरतात. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, हे सांगताना त्यांचा आवाज किंचित कापरा झाला. परदेशी पाहुण्यांचा एक गट दुसऱ्या वाटाड्याला सोडून इकडे आला. माहिती देणारा तरुण वहीत टिपणे घेऊ लागला. मग प्रथेप्रमाणे गवती चहाचे गार पाणी प्रत्येकाच्या मानेवरून पाठीत सोडण्यात आले. अण्णांच्या पाठीवर ते दोनदा सोडले गेले, मान म्हणून. शेवटी काजूची फेणी समोर आली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि त्याच हाताने घड्याळ पाहिले. दोन वाजून गेले होते.

निघताना विक्रीचे दुकान लागले. ज्या मंडळींना एवढे ज्ञान दिले, त्यांच्या देखत रिकाम्या हाताने निघणे बरे दिसेना. अण्णांनी पाव किलो हळद घेतली. भाव ऐकून त्यांनी डोळे मिटले, पण घेतली.

इकडे बांदिवड्यात काय चालले होते? जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती, भोवती झाडोरा, आत मूर्ती नाही. नातवाच्या मनात आले, एवढ्यासाठी? आजींनी चपला दूर काढल्या, पडक्या भिंतींभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, णमोकार म्हटला आणि सावलीत एका दगडावर बसल्या. एक वाजला, दीड वाजला. बाबांचा फोन लागेना. नातवाने चार वाजताच्या वेळेची आठवण करून दिली. जहाज गेले तर सामान, औषधे, सगळे जहाजावर.

“येईल तो. कुठंतरी भाव सांगत उभा असेल,” आजी म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितले, “मी गिरनार पाहिलं नाही रे.”

नातू त्यांच्याकडे पाहतच राहिला.

“श्रवणबेळगोळला एक्क्याऐंशीच्या महामस्तकाभिषेकाला गेले होते. शिखरजी एकदा झालं. गिरनारला जाऊच, म्हणून पश्चिमेला ती मर्यादा घातली. मग पेढीचं कर्ज झालं. मग तुझे आजोबा गेले. मग सांगलीहून इकडे आलो. राहूनच गेलं. नेमिनाथांचं निर्वाण तिथलं. म्हटलं, निदान इथं त्यांची बस्ती तरी पाहू.”

नातवासाठी गिरनार म्हणजे साडेसत्तर रेखांश होता. आठ दिवस त्याने त्या आकड्यावर वाद जिंकला होता. तिथे कोणाला जायचे राहिले आहे, हे त्या घरात एकालाही सुचले नव्हते. तो काही बोलला नाही. थर्मासमधले पाणी त्याने पेल्यात ओतून आजींना दिले.

टॅक्सी आली तेव्हा अडीच वाजून गेले होते. आजींनी एकही प्रश्न विचारला नाही, त्यामुळे अण्णा अधिकच ओशाळले. बोरीच्या पुलाअलीकडे एका मालमोटारीमागे दहा मिनिटे गेली. वास्कोत आणखी काही. बंदराच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा चारला दहा मिनिटे कमी होती आणि आत जहाजापर्यंत नेणारी शेवटची बस इंजिन सुरू करून उभी होती. चालकाने थांबल्याचे जादा पैसे मागितले. अण्णांनी घासाघीस न करता दिले. पंचवीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडले, असे सूनबाईंचे म्हणणे आहे.

पण फाटकावरच्या रक्षकाला जहाजाचे ओळखपत्र हवे होते. अण्णांनी खिसे उलटे केले. जायफळ निघाले, दालचिनीची काडी निघाली, बागेची पावती निघाली. ओळखपत्रे नव्हती. बसचा चालक हॉर्न वाजवू लागला. अण्णांच्या कपाळावरचा घाम गवती चहाच्या पाण्यात मिसळू लागला.

आजींनी जपमाळेची पिशवी उघडली आणि चारही ओळखपत्रे रक्षकाच्या हातावर ठेवली. “सकाळीच काढून घेतली होती. तुझ्या खिशात टिकतं काय?”

जहाज सुटले. साडेपाचच्या सुमारास चौघे वरच्या मजल्यावर बसले होते. सूर्यास्ताला अजून अवकाश होता. आजींनी एक लाडू आणि मूठभर लाह्या खाल्ल्या, पाणी घेतले आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंतचा त्याग मनोमन घेतला. नातू हळदीची पुडी उलटसुलट करून पाहत होता. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत भरणाऱ्याचा पत्ता छापला होता. पत्ता तुर्भ्याचा होता. त्याने पुडी बाबांपुढे धरली. अण्णांनी चष्मा लावून पत्ता वाचला, चष्मा काढला आणि पुडी पिशवीत अगदी तळाशी ठेवून दिली.

मग नातवाने बांदिवड्यात ऐकलेले सांगितले. अण्णा बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. किनारा डावीकडे होता... नाही, जहाज आता उत्तरेला चालले होते. किनारा उजवीकडे होता आणि पश्चिमेला नुसते पाणी.

“तिथं पायऱ्या किती आहेत?” त्यांनी विचारले.

“शेवटच्या टोकापर्यंत दहा हजारांच्या आसपास. पण २०२० पासून रोपवे आहे. वर अंबाजीपर्यंत जातो. नेमिनाथांचं मंदिर तिथून थोडं खाली.”

“किती उंच जातो तो दोर?” आजींनी विचारले. ऊर्ध्व दिशेची मर्यादा त्यांना आठवली होती.

“शिखरजीच्या डोंगरापेक्षा कमीच, आजी.”

आजींनी मान डोलावली. अण्णांनी खिशातून बागेची पावती काढली, ती उलटी केली आणि पेन उघडले.

“भाडं सांग,” ते नातवाला म्हणाले. “जाता-येताचं. चौघांचं.”